एकसष्ट डॉलरचं हळदीकुंकू

अहो, ऐकलंत का? थांबा, ही बादली पालथी घालते आणि वर उभी राहते. कुंपणं तरी केवढाली घालतात मेली, पलीकडच्या माणसाचं नुसतं कपाळ दिसतं. हं, आता कसं! कपडे वाळत घालताय? घाला, घाला. हात चालू द्या, कान तेवढे इकडे करा. लेक आत मीटिंगमध्ये आहे, चिऊ आत्ताच झोपलीय. माझ्याकडे फार तर अर्धा तास.

शनिवारचं कळलं का तुम्हाला? नाहीच ना कळलं? तरी मी लेकीला म्हटलं, वहिनी जिलाँगला नणंदेकडे गेल्या आणि नेमकं इथे... अहो, कोपऱ्यावर हळदीकुंकू नव्हतं का! नाव नाही घेत मी. त्या हो, डबल गॅरेजवाल्या. गणपतीत प्रत्येक मोदकावर केशराच्या दोन-दोन काड्या मोजून ठेवल्या होत्या ना? हां, त्याच.

थाट काय वर्णावा! लेकीचं बोरन्हाणही उरकून घेतलं त्यातच. आता ऑस्ट्रेलियातल्या या टार्नीटमध्ये बोरं कुठली मिळायला? ब्लूबेरी आणल्या होत्या तीन डबे. चुरमुरे, बत्तासे, वर चॉकलेटं. ओतलं पोरीच्या डोक्यावरून आणि बाकीची पोरं तुटून पडली. निम्म्या ब्लूबेरी पायाखाली. खाली पांढरा गालिचा! जांभळे ठसे इथून तिथपर्यंत, जशी काही गौर चालत आलीय घरात. पण बाई हसतमुख. "असू दे, क्लीनर येतो आमच्याकडे." हे वाक्य लक्षात ठेवा हं, क्लीनर येतो. वाण म्हणून काचेचे डबे दिले, चार बाजूंनी कड्या लागतात ना झाकणाला, ते. मी घरी येऊन लगेच धुऊन त्यात तीळ भरलेसुद्धा.

तर काय सांगत होते... विषय निघाला पाळणाघराचा. निघणारच. आमच्या वेळी हळदीकुंकवाला सोन्याचा भाव निघायचा, इथे सबसिडीची टक्केवारी निघते. त्यातून २०२६च्या ५ जानेवारीपासून नियम बदललेला, ते तुम्हाला माहीतच आहे. पंधरवड्याला ७२ तास सगळ्यांना, आई कामाला जावो न जावो. आधी काय, आई-बापांत जो कमी काम करतो त्याचे तास मोजायचे. नोकरी, शिक्षण, नोकरी शोधणं, सगळ्याचा हिशेब. त्यावर पोराचे तास ठरायचे. ती नाशिकची सून, दोन वर्षं घरीच आहे बिचारी, तिला मिळायचं शून्य. आता हक्काचे तीन दिवस. ती तर परवा तिळगूळ वाटताना सरकारलाच दुवा देत होती.

तिचा अर्ज म्हणजे एक वेगळंच पुराण आहे. सांगू? सांगतेच.

पोराचे नाशिकचे डोस, आणि कार्डावर डॉक्टरांचं अक्षर! इथल्या लसीकरणाच्या रजिस्टरात चढल्याशिवाय सबसिडी नाही, हा नियम. घेऊन गेली दवाखान्यात. तिथली नर्स ते कार्ड उजेडात धरून बघतेय, आडवं करतेय, उभं करतेय. शेवटी हिनेच एकेक ओळ वाचून दाखवली. बरं, गोवराचा डोस आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात, इथे धरतात तो बारा महिन्यांपासूनचा. म्हणजे पोराला परत सुई. पोर रडलं ते रडलं, नाशिकची सासू फोनवर रडली, "आमच्या डॉक्टरांचं इंजेक्शन काय पाण्याचं होतं का?" म्हणून. एवढं होऊन अर्ज गेला, मंजूर झाला, आणि पहिलं बिल आलं ते पूर्ण फीचं. ही धाय मोकलून... म्हणजे रडली नाही, पण माझ्याकडे आली. मी म्हटलं, दाखव बघू. बघते तर काय! पाळणाघराने पोराची नोंद पाठवलेली, आणि ती सरकारच्या मायगव्ह साइटवर जाऊन हिने 'कन्फर्म' करायची असते, ते बटणच दाबलेलं नाही. इतके दिवस नुसतं बटण वाट बघतंय हिची.

मला विचाराल तर मला हे सगळं आवडतं. हसू नका. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत लेखा विभागात काढली मी. त्रुटी काढणं आणि त्रुटीची पूर्तता करून घेणं, यातच जन्म गेला. मला वाटलं होतं, परदेशात सगळं कसं गुळगुळीत असेल. कसलं काय! आईचा वेगळा नंबर, पोराचा वेगळा नंबर, सीआरएन म्हणतात, आणि दोन्ही पाळणाघराला दिल्याशिवाय फाइल जागची हलत नाही. मला तर घरी आल्यासारखंच वाटलं. फक्त आवक-जावकला बसलेला माणूस तेवढा दिसत नाही, त्याच्या जागी मोबाइल टुणटुण वाजतो.

आमच्या लेकीचं तरी काय! ती मोठी शिकलेली, जावई त्याहून शिकलेले. अर्जात वर्षाच्या मिळकतीचा अंदाज लिहायचा असतो दोघांचा मिळून. जुलै ते जून. जावयांनी लिहिला. मी तेव्हाच म्हटलं होतं, बोनस धरलात का? तर म्हणाले, "आई, तो अजून मिळालेला नाही." मिळाला की नंतर! आणि यांनी अंदाज बदलला नाही. वर्ष संपलं, दोघांचे टॅक्स रिटर्न गेले, आणि मग सरकार खरा आकडा घेऊन ताळा करायला बसतं. तेवढ्यासाठीच तर ते दर आठवड्याच्या सबसिडीतले पाच टक्के स्वतःकडे राखून ठेवतात. त्या पाच टक्क्यांतही भागलं नाही, आलं पत्र. जावई म्हणे 'बॅलन्सिंग' आहे. मी म्हटलं, आमच्याकडे याला अतिप्रदानाची वसुली म्हणतात. त्यांचं तोंड असं झालं... जाऊ दे, जावई आहेत. किती भरले ते नाही सांगणार. आणि आमचे टक्के किती तेही विचारू नका, लेकीने शपथ घातलीय.

शपथ का घातली, तेच तर सांगतेय! तर काय सांगत होते... हां, हळदीकुंकू.

सगळ्या गोल बसलेल्या. मध्ये तिळाच्या वड्या, मटार करंज्या. पुण्याच्या त्या, पंधरा-सतरा वर्षं इथे असलेल्या, त्यांना सगळं जुनं माहीत. त्या सांगतायत, "आमच्या वेळी कुठे ही सबसिडी होती? ही आली २०१८च्या जुलैत. त्याआधी एक बेनिफिट होतं आणि एक रिबेट." त्यांचा मोठा आता दाढी करायला लागला, पण त्यांना सांगायची हौस. कोपऱ्यात ती साताऱ्याची मुलगी बसलेली, नवीन आलीय बघा, नवरा तात्पुरत्या वर्क व्हिसावर. तिला काहीच लागू नाही. नागरिकत्व नाही तर पीआर तरी हवा. दिवसाचे पूर्ण १६० मोजते. सगळ्या आपापले टक्के सांगतायत आणि ही आपली वडीचे बारीक बारीक तुकडे करतेय बशीत. मी मुद्दाम तिला विचारलं, "तुझ्या आईच्या गुळाच्या पोळ्या कशा गं असतात?" तेव्हा कुठे मान वर केली तिने.

आणि आता ऐका. जवळ या जरा, तो चिमटा राहू दे.

आपल्या कोपऱ्यावरच्या बाईंचं वर्षभर काय चाललेलं असतं? "आमच्या ह्यांचं एक ऐंशी, सुपर वेगळं. माझे नव्वद. आम्हाला कसली मिळणार मेली सबसिडी, आम्ही टॅक्स भरायलाच जन्माला आलोय." माझ्यासमोर किमान पाच वेळा म्हटलंय, तुमच्यासमोरही म्हटलं असेल. तर त्या नाशिकच्या सुनेला फीची धास्ती वाटत होती, ती म्हणाली, जानेवारीत आपल्या पाळणाघराने फी १६० केली, कसं परवडायचं. त्यावर या हळदीकुंकवाची कोयरी घेऊन उठता उठता म्हणाल्या, "अगं, हातात काय पडतात ते बघ ना! एकसष्ट डॉलर. एकदा बाहेर जेवायला गेलो तरी त्याहून जास्त होतात."

एकसष्ट!

तेवढ्यात आपली कोल्हापूरची, जिचा नवरा बस चालवतो आणि ती स्वतः म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये ड्यूट्या करते, ती भाबडी एकदम म्हणाली, "अय्या! तुम्हालाबी एकसष्टच पडत्यात? आमालाबी तेवढंच की हो!"

अहो, काय सांगू! घरात एसी चालल्याचा आवाज येत होता तेवढाच. पुण्याच्या बाईंनी करंजी तोंडाशी नेली होती, ती तिथेच. बावीस नंबरवालीने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. आणि या! या माझ्या कपाळाला कुंकू लावत होत्या त्या वेळी. ते बोट माझ्या कपाळावर असं टेकलेलं, ते उचलायचंच विसरल्या. घरी येऊन आरशात पाहते तर हा एवढा टिळा! तोंड एवढंसं झालं हो त्यांचं. मग एकदम हसल्या आणि म्हणाल्या, "मसालेदूध राहिलंच," आणि आत गेल्या. दूध गार करायला ठेवलेलं होतं, ते बाहेर यायला वीस मिनिटं लागली.

आता त्या कोल्हापूरच्या मुलीला कळेना आपण काय वाईट बोललो. तिला हिशेब ठाऊक नाही. पण बाकीच्यांना? प्रत्येकीच्या डोक्यात गिरणी सुरू झालेली दिसत होती मला.

माझ्या डोक्यात तर केव्हाच दळून झालं होतं. बघा हं. दिवसाची फी १६०, दिवस दहा तासांचा, म्हणजे तासाला १६. पण सरकार तासाला १४ डॉलर ६३ सेंटच्या वर धरत नाही. त्याच्यावरचं तुमचं तुम्ही बघा. म्हणजे दहा तासांचे झाले १४६ डॉलर ३० सेंट. त्याचे ७१ टक्के काढा, १०४च्या जवळपास. त्यातले पाच टक्के ते राखून ठेवतात, उरले ९८ आणि वर काही सेंट. ते १६०मधून वजा करा. किती आले? बरोब्बर!

म्हणजे टक्के ७१. आता याची गंमत अशी की टक्के कळले की मिळकत कळते. इथे पगार विचारणं म्हणजे असभ्यपणा म्हणतात, ना? आणि टक्के मात्र राजरोस विचारतात. अहो, ते एकच आहे! ८५,२७९ डॉलरपर्यंत ९० टक्के. पुढे प्रत्येक पाच हजाराला एक टक्का कमी. पार ५,३५,२७९पर्यंत गेलात की संपलं, शून्य. पायऱ्यांची विहीर आहे नुसती. माणूस कितव्या पायरीवर उभा आहे ते सांगितलं की पाणी किती खोल ते मोजायला दोरी कशाला हवी? नव्वदातून एकाहत्तर गेले, एकोणीस पायऱ्या. एकोणीस पाचे पंच्याण्णव. पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव झाले एकशे ऐंशी. दोघांचे मिळून १,८०,०००!

आणि तोंडाने सांगायच्या २,७०,०००. दोन सत्तरला ५३ टक्के येतात, आणि दिवसाला ८६ डॉलर पडायला हवेत, एकसष्ट नव्हे. धाकटं भावंड असतं तर धाकट्याला जास्त टक्के मिळतात, ९५पर्यंतसुद्धा, तसं म्हणावं तर एकच मुलगी. मुद्दाम सगळ्या बाजूंनी तपासलं मी. शेरा मारायच्या आधी आम्ही नेहमी...

मग काय, वाण घेऊन बाहेर पडेपर्यंत दम कुणाला! त्या जॅकरांडाच्या झाडाखाली चपला... म्हणजे बूट घालता घालताच सुरू. पुण्याच्या बाई म्हणाल्या, "मी म्हणतच होते." त्या कधी म्हणत होत्या देव जाणे. बावीस नंबरवाली म्हणाली, "तरी गॅरेजचं दार उघडं टाकतात, दोन गाड्या दिसाव्यात म्हणून." नाशिकची म्हणाली, "पण मग क्लीनर?" त्यावर सगळ्या हसल्या. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मी तर वर म्हटलं, "एक ऐंशी आहेत, पण दोघांचे मिळून!" चांगलंच चाललं ते वाक्य. संध्याकाळी दुसऱ्याच गल्लीतल्या बाईंनी दुकानात मलाच ऐकवलं, भेंडी निवडताना.

रात्री जेवताना मी लेकीला सगळं सांगितलं. जावई हसले, भाजी वाढून घेतली. लेक हसली नाही. म्हणाली, "आई, लोकांच्या टक्केवारीचं ऑडिट करायला तुला कुणी बोलावलंय?" आणि मग ती शपथ. मला राग आला, थोडासा. एक तर वर्षभराच्या व्हिसावर यायचं, पोर सांभाळायची, फुकट, बरं का. पाळणाघराला सबसिडी, आजीला काय? तर वरण-भात. आणि आता फेब्रुवारीअखेर मी चालले, म्हणून तर चिऊला परत पाळणाघरात घालायचंय. जाऊ दे.

तर काय सांगत होते... तो भाग संपला असं समजू नका. काल काय झालं ते ऐका.

काल सकाळी साडेदहाला चिऊला घेऊन गेले होते झोपाळ्यावर, त्या तळ्याकाठच्या पार्कात. मंगळवार, उन्हाची वेळ, चिटपाखरू नाही. एका झोपाळ्यावर कोपऱ्यावरच्या बाईंची लेक, आणि झोका देतोय कोण? तिचा बाप. मंगळवारी, साडेदहाला! मी लांबूनच बघितलं. वर शर्ट कसा, निळा, फुल बाह्यांचा, कडक इस्त्रीचा, कॉलरचं बटणसुद्धा लावलेलं. आणि खाली अर्धी चड्डी. पायात घरातल्या सपाता.

मला आधी हसूच आलं. मग, अहो, काही गोष्टी डोक्यात एकामागून एक पडत जातात ना, तशा पडत गेल्या. पोरगी पूर्वी पाच दिवस पाळणाघरात जायची. आता सोमवार-मंगळवार घरी दिसते, हे मी दोन आठवडे बघत होते. आणि तो शर्ट. आमचे जावई नाहीत का नोकरी बदलताना बसायचे तसे, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच सजून? म्हणजे हा आत्ता कुणासमोर तरी मुलाखतीला बसून उठलाय, आणि पोरीने हट्ट केला म्हणून तसाच आलाय.

आणि मग आकडा. शनिवारी एवढी शहाणी होऊन गणित केलं मी, पण शेवटची ओळ बघितलीच नाही. दोन सत्तर वजा एक ऐंशी. फरक किती? नव्वद हजार. त्याचा पगार एक ऐंशी. नव्वद म्हणजे त्याचं बरोब्बर निम्मं. वर्ष जुलैपासून मोजतात. जुलै ते डिसेंबर. सहा महिन्यांचा पगार लिहिलाय अंदाजात, आणि पुढचे सहा कोरे.

बत्तीस वर्षं, वहिनी! एखाद्या शिक्षकाची वेतनवाढ मधूनच थांबलेली दिसली की आम्ही आधी विचारायचो, बाबा आजारी होता का, रजेवर होता का, काय झालं? आणि इथे मी झाडाखाली उभी राहून...

मी काही विचारलं नाही हं. त्यानेच विषय काढला. आमची चिऊ त्याच्या लेकीच्या शेजारच्या झोपाळ्यावर, दोघी पाय हलवतायत. तो म्हणाला, "काकू, ख्रिसमसच्या आधी गेली नोकरी. टेस्टिंगची अख्खी टीमच काढली." मी म्हटलं, "अरे, होतं असं. मिळेल दुसरी." तर म्हणाला, "घरी कळवलेलं नाही. आईचं बायपास झालंय दिवाळीत." त्याची आई नागपूरला असते. थोडं थांबून म्हणाला, "हळदीकुंकू यंदा नको म्हणत होतो मी. पण ती म्हणाली, दरवर्षी करतो, यंदा नाही केलं तर लोक विचारतील." गालिच्याची साफसफाई रविवारी त्यानेच केली म्हणे. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर, यूट्यूबवर बघून. तो क्लीनर डिसेंबरातच बंद केलेला.

माझ्या कपाळावर तो टिळा अजून आहे असं वाटायला लागलं मला.

मग काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "अंदाज वेळेवर बदललात हे चांगलं केलंत. आमच्या जावयांनी नव्हता बदलला." हे बोलून गेले आणि जीभ चावली. कारण अंदाज बदलल्याचं मला कसं कळलं? त्याने माझ्याकडे बघितलं. पोरगा हुशार आहे, कळलं त्याला. पण हसला. म्हणाला, "तुम्ही अकाउंट्सला होता ना?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "नोकरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बसून बदलला. डोकं नुसतं गरगरत होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. तो फॉर्म तेवढा भरता आला." पाच दिवसांचे तीन केले, पण तीन सोडले नाहीत. म्हणाला, "तिच्या मैत्रिणी आहेत तिथे. आणि उद्या नोकरी मिळाली तर जागा परत कुठून आणू?"

दोघी पोरींना एका वेळी झोका देत होता, एक या हाताने, एक त्या हाताने. शर्ट पाठीला चिकटलेला.

आता मला सांगा... नको, सांगू नका. आधी हे ऐका. तुम्ही म्हणाल, एवढं त्याने मला विश्वासाने सांगितलं, तर मी बादलीवर चढून तुम्हाला का सांगतेय? सांगतेय कारण तुमचा मोठा मागे म्हणाला होता. दिवाळी फराळाला, आठवतं का? चिवड्याची वाटी हातात घेऊन म्हणत होता की त्याच्या ऑफिसात टेस्टिंगला माणूस हवाय, चांगला मिळत नाही. ती जागा भरली का हो? नाही ना? मला वाटलंच. विचारून बघा. नाही, आज रात्रीच विचारा, वीकएंडवर नका टाकू.

त्याला मी म्हटलं, तुझा तो सीव्ही पाठव मला व्हॉट्सअ‍ॅपवर. त्याला वाटलं म्हातारी उगाच म्हणतेय. पण पाठवला. मी आज सकाळी चिऊला बाबागाडीत घालून लायब्ररीत जाऊन छापून आणला. दोन पानं. वाचला मी. जिथे जिथे राहिला तिथे तीन-तीन, चार-चार वर्षं राहिलाय, मधे कुठे खंड नाही. आमच्या सेवापुस्तकात असं असलं की बरं वाटायचं.

हा बघा, चिमट्यांच्या पिशवीत ठेवलाय. त्या दोन फळ्यांच्या मधे फट आहे ना, तुमच्या दोरीच्या खांबाजवळ, तिथून देते. आणि मुलाला सांगताना एकसष्टचं काही बोलू नका. मी हिशेब केला तेही नको. त्या पुण्याच्या बाई भेटल्याच तर... त्यांना मी बघते. झाडाखालचं ते वाक्य माझं होतं, ते माझं मलाच परत गोळा करायला लागणार, गल्ली-गल्लीतून. दुकानातल्या बाईपासून सुरुवात करते.

ही उठली वाटतं. आले गं चिऊ, आले! हं, धरा. वारा आहे, घट्ट धरा. वरचं टोक दिसतंय ना? ओढा आता. हळू, स्टेपलची पिन अडकलीय फळीला... हां. आला?